खटका

मध्यमवर्गीय माणसाच्या घरात मोठी वस्तू नुसती विकत येत नाही. ती लग्न ठरावे तशी ठरून येते. आधी चौकशी, मग घराणे, मग देण्याघेण्याची बोलणी आणि शेवटी चार वडीलधाऱ्यांनी येऊन ‘बरी आहे’ असे म्हणणे. आमच्या लहानपणी लालबागच्या चाळीत कुणाकडे फ्रिज आला तरी मजल्यावरची मंडळी तो बघायला जात, आणि जाताना आपापली पाण्याची बाटली बरोबर घेऊन जात. वस्तू अखंड येई, अखंड वापरली जाई आणि मोडलीच तर दुरुस्त होऊन पुन्हा अखंड होई. ती सुटी सुटी विकत आणून घरी जोडता येते, आणि काही वर्षांनी एकेक अवयव बदलून तिला पुन्हा तरुण करता येते, ही कल्पना माझ्या पिढीच्या गळी उतरायला जरा वेळच लागतो. आमचे चिरंजीव मात्र याच कल्पनेवर वाढले आहेत.

चिरंजीव वास्तुशास्त्र शिकतात. २०२० साली शाळा घरात येऊन बसली तेव्हा त्यांच्यासाठी एक संगणक घेतला होता. बेताचा, आमच्या ऐपतीचा. पाच वर्षांत त्या संगणकाचे वय झाले असे चिरंजीवांचे मत पडले. मला तो पहिल्या दिवशी होता तसाच दिसत होता. पण माझी नजर अशा बाबतीत कच्ची आहे, असे घरात सर्वानुमते ठरलेले आहे.

“बाबा, नवा नकोय. आहे तोच अपग्रेड करायचाय,” चिरंजीव म्हणाले.

मी मराठीचा प्राध्यापक. इंग्रजी शब्द कानावर पडला की त्याला मराठी वस्त्रे नेसवून पाहण्याची मला खोड आहे. ‘अपग्रेड’ला ‘बढती’ म्हणावे, असे मी सुचवले. त्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “बढती म्हटले तर या घरात ती कधी व्हायचीच नाही. अपग्रेडच असू द्या.” आमच्या पेशातल्या बढतीच्या फायली कशा चालतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या वाक्यातला कडवटपणा निराळा समजावून सांगायला नको.

खर्चाचा आकडा अडुसष्ट हजारांवर गेला. चिरंजीवांचा हिशेब मात्र पक्का होता. त्यांना एका कार्यालयाकडून पहिलेच बाहेरचे काम मिळाले होते. न बांधलेल्या इमारतीतून फिरून आल्यासारखे वाटावे, असे दीड मिनिटांचे चित्रण करून द्यायचे. सेकंदाला पंचवीस चित्रे धरली तर दीड मिनिटाची २,२५० चित्रे. एका चित्रात वीस लाखांहून जास्त ठिपके. आणि प्रत्येक ठिपक्यापाशी प्रकाशाचा किरण कुठून आला, कशावर आपटला, कोणता रंग घेऊन परतला, याचा हिशेब यंत्राने करायचा. जुन्या यंत्राला एका चित्राला पाच मिनिटे लागत. म्हणजे सगळे मिळून जवळजवळ आठ दिवस आणि आठ रात्री. नव्या भागांनिशी तेच काम साडेबारा तासांत होणार होते. गणित माझा विषय नव्हे, पण आठ दिवस आणि साडेबारा तास यांतला फरक मराठीच्या प्राध्यापकालाही कळतो.

अडुसष्टांतले वीस हजार आबांनी दिले. आबा म्हणजे माझे वडील. १९६९ साली ते गिरणीत लागले, साचेखात्यात फिटर म्हणून. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, असे अजूनही म्हणतात. आमच्यापुरते ते खरे आहे, कारण आबा पुन्हा कधी गिरणीत गेले नाहीत. आईने खानावळ चालवली, आबांनी फोर्टातल्या एका इमारतीवर रात्रीची राखण केली, आणि त्या दोघांच्या जिवावर मी एम.ए. झालो. आबांचा पाना-पक्कडीचा डबा माळ्यावर गेला तो तिथेच राहिला. घरातला पंखा बिघडला तरी ते म्हणत, “वायरमनला बोलव.” ज्या माणसाने तीनशे साच्यांचे खाते आवाजावरून ओळखले, तो पंख्याला हात लावीत नाही, याचा अर्थ मला लहानपणी कळत नसे. पुढे कळू लागला तेव्हा विचारण्याची सोय उरली नव्हती.

पैसे देणारा माल बघतो, हे आबांचे तत्त्व. तेव्हा २०२५ च्या मे महिन्यात एका शनिवारी आम्ही तीन पिढ्यांचे शिष्टमंडळ ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याचे नाव कधीच डॉ. भडकमकर मार्ग झाले आहे, पण दुकानदार, गिऱ्हाईक आणि टॅक्सीवाला या तिघांनी ते अजून मनावर घेतलेले नाही. दीड हात रुंदीची दुकाने, छतापर्यंत रचलेली खोकी, आणि दर विचारला की कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून तो आपल्याकडे सरकवणारी पोरे. सोन्याच्या पेढीवर बोलतात त्याहून इथे हळू बोलतात.

चालता चालता मी आबांना म्हटले, “आबा, इथून हाकेवर ताडदेव. मुंबईतली पहिली कापडगिरणी तिथेच झाली. कावसजी नानाभाई दावरांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ साली गिरणी सुरू झाली.”

“असेल,” आबा म्हणाले. गिरण्यांच्या आरंभात त्यांना रस नव्हता. शेवट त्यांनी स्वतः पाहिला होता.

दुकानात मात्र त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि ते सगळे फिटरचे प्रश्न होते. “हा भाग त्यात बसेल कशावरून? खोबण तीच आहे का?” दुकानातल्या पोराने आधी “अंकल, बसेल ना,” असे झटकून टाकले, पण तिसऱ्या प्रश्नाला तो सरळ उभा राहिला. खोबण खरोखरच तीच होती. २०१७ पासून निघालेले रायझन जातीचे प्रोसेसर ज्या ‘एएम-४’ खोबणीत बसतात, तिच्यातच पुढची पाच-सहा वर्षे नवे नवे प्रोसेसर बसत गेले. फक्त बोर्डात कोरलेला ‘बायोस’ नावाचा मूळ कार्यक्रम आधी नवा करून घ्यावा लागतो. म्हणजे पाया तोच ठेवून वरचा कारागीर बदलायचा.

“शहाणा माणूस दिसतो, ज्याने हे ठरवले तो,” आबा म्हणाले. “आमच्याकडे पाया तोच, भिंत तीच, साचाही तोच. माझ्या बापाच्या वेळचे साचे मी चालते ठेवले. नफा होता तेव्हा बोल्टसुद्धा बदलला नाही, आणि मग म्हणाले, मशीन जुनं झालं, परवडत नाही.”

या विषयावर मोठमोठे ग्रंथ आहेत. त्यांतही पुष्कळांनी हेच सांगितले आहे. फक्त त्यांना पाने जास्त लागली आहेत.

रविवारी सकाळी जोडणीचा समारंभ झाला. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. सौभाग्यवतींनी “हळद-कुंकू आणू का?” असे विचारले, आणि ते चिरंजीवांनी विनोद म्हणून घेतले, पण आबांनी नाही. प्रोसेसरला आणि ग्राफिक्स कार्डाला एकेक बोट लागले. मग चिरंजीव एकेक वस्तू उचलून आजोबांना समजावू लागले, आणि थोड्याच वेळात समजावणारा कोण नि समजणारा कोण हे कळेनासे झाले.

“आजोबा, हा प्रोसेसर. यात आठ कारागीर आहेत. हुशार, कसलंही काम करतील. आणि हे ग्राफिक्स कार्ड. यात हजारो आहेत. पण प्रत्येकाला एकच साधं काम येतं, आणि सगळे एकदम करतात.”

“म्हणजे तो तुझा जॉबर, आणि हे साचेखातं,” आबा म्हणाले.

याहून चांगली व्याख्या मी वाचलेली नाही. आणि ती नुसती उपमाही नव्हे. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जॅकार्डने मागावर नक्षी काढण्यासाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लावली. भोक असेल तिथे दोरा उचलायचा, नसेल तिथे सोडायचा. ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन शब्दांत साडीचा अख्खा पदर लिहून ठेवायची ती युक्ती. इंग्लंडात बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी तेच पुठ्ठे घ्यायचे ठरवले, आणि १८४३ साली त्या यंत्राची ओळख करून देताना एडा लव्हलेस या विदुषीने त्याची तुलना जॅकार्डच्या मागाशी केली. पुढे १८९० च्या अमेरिकन शिरगणतीत हॉलरिथची यंत्रे भोकांच्या कार्डांवर चालली. आज संगणक ज्या शून्य आणि एक यांवर जगतो, ते एका अर्थी मागावरून उतरलेले आहेत. मी हे सारे आबांना सांगितले.

“डॉबीला आम्ही लाकडी पट्ट्यांत खुंट्या मारायचो,” आबा म्हणाले. “खुंटी असली की वर, नसली की खाली. एक खुंटी चुकली की सगळा काठ चुकायचा. मग ती शोधत बसायचं.”

“म्हणजे डीबगिंग!” चिरंजीव ओरडले.

“नाव काय असेल ते असो. रात्रपाळीला डोळे जायचे.”

मुंबईच्या हवेवरही दोघांचे एकमत झाले. ही दमट हवा सुताला मानवते, धागा तुटत नाही. कापडधंदा इथे रुजण्याच्या कारणांत बंदराबरोबर तिचेही नाव घेतात. मात्र तीच खारी हवा संगणकाच्या तांब्याला खाते. आणि कापसाची पूस पंख्यात काय करते, हे आबांना शिकवायची गरज नव्हती. कॅबिनेटच्या जाळीवर पाच वर्षांची धूळ पाहून ते इतके रागावले की, ती माझ्याच गळ्यात साठली होती असे वाटावे.

प्रोसेसर बसवायची वेळ आली. त्याच्या पोटाला १,३३१ पिना असतात. एक वाकली तरी संपले. बाजूची तरफ उचलायची, कोपऱ्यावरचा सोन्याचा त्रिकोण जुळवायचा आणि नुसता ठेवायचा. चिरंजीवांचा हात थरथरत होता. “दाबू नकोस,” आबा म्हणाले. “जोर लागला तर एक तर भाग चुकीचा, नाहीतर माणूस.” प्रोसेसर आपल्या वजनानेच खाली बसला. त्यावर वाटाण्याएवढे थर्मल पेस्ट, त्यावर पंखा. मग रॅमच्या दोन पट्ट्या, एकूण ३२ गिगाबाइट.

इथे मला राहवेना. याच मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या तरुणांनी देशातला पहिल्या पिढीचा संगणक बांधला. १९६० साली तो पुरा झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. हजारो व्हॉल्व्हचे ते धूड. त्याची स्मरणशक्ती चाळीस बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे सुमारे दहा किलोबाइट. आमच्या टेबलावरच्या त्या दोन पट्ट्या त्याच्या तेहेतीस लाखपट होत्या. आणि ती स्मरणशक्तीही लोहचुंबकी बारीक मण्यांतून तारा ओवून केलेली. थोडक्यात, तेही विणकामच!

“बाबा, तास संपला,” चिरंजीव म्हणाले.

सगळे जोडून झाले. बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले आणि पडदा काळाच राहिला.

अडुसष्ट हजार रुपये काळ्या पडद्याकडे पाहत उभे असले म्हणजे घरात जी शांतता पसरते, ती वर्णन करण्यासारखी नसते. चिरंजीव घामाघूम झाले. प्रोसेसरची पिन वाकली असेल, बोर्ड गेला असेल, कार्डच सदोष असेल. एकेक कारण मागच्यापेक्षा महाग होते. काम द्यायला सहा दिवस उरले होते.

“बंद कर. प्लग काढ,” आबा म्हणाले.

साच्यांच्या खडखडाटात तेरा वर्षे काढलेल्या माणसांचे कान बहुधा शाबूत राहत नाहीत. आबांनाही कमी ऐकू येते. खटका बसल्याचा आवाज त्यांना ऐकू जाणार नव्हता. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, चष्मा काढून ठेवला आणि जोडलेल्या प्रत्येक भागावरून बोट फिरवायला सुरुवात केली. वायरची टोके, कार्डाची कड, मग रॅमच्या पट्ट्या. दुसऱ्या पट्टीच्या खालच्या टोकाशी बोट थांबले. पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले.

“ही एका अंगानं वर आहे. केसभर.”

अंगठ्याने त्यांनी ते टोक दाबले. खटका बसला. तो आम्हा तिघांना ऐकू आला. आबांना तो अंगठ्यात समजला. पुढच्या मिनिटाला पडदा उजळला.

त्या संध्याकाळी आबांनी मला माळ्यावरचा डबा काढायला सांगितला. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा गंज होता. रॉकेल मिळेना, तेव्हा खोबरेल घेऊन ते एकेक पाना पुसत बसले. कुणी काही बोलले नाही. आमच्या घरात महत्त्वाच्या गोष्टी अशाच होतात.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी समोर आली. चिरंजीव कामाचे नकाशे उघडून बसले होते आणि आबा मागे उभे होते. “ही कुठली बिल्डिंग?” त्यांनी विचारले. चिरंजीव जरा घुटमळले. अडतीस मजल्यांचा तो मनोरा ज्या जागेवर उभा राहायचा होता, ती आबांच्या गिरणीची जागा होती.

गिरण्यांच्या जमिनींची कथा गिरणगावातल्या प्रत्येक घराला पाठ आहे. १९९१ च्या नियमात जमिनीचे तीन वाटे करायचे होते: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. २००१ साली नियमाची शब्दरचना बदलली आणि वाटण्या फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरत्या उरल्या. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. एका विशेषणाने किती एकर सरकतात, हे व्याकरण शिकवणाऱ्या माणसानेही तेव्हाच पाहिले. कामगारांच्या घरांच्या सोडतीसाठी आबांनीही अर्ज भरला आहे. पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलेली आहे.

मला वाटले, आता काहीतरी होणार. चिरंजीवांनाही वाटले असावे. ते हळूच म्हणाले, “आजोबा, तुम्ही म्हणाल तर हे काम परत करतो.”

आबा बराच वेळ पडद्याकडे पाहत होते. मग म्हणाले, “कशाला? आम्ही विणलेलं कापड कोण नेसणार, हे आम्ही तरी कधी विचारलं होतं? काम आहे, नीट कर.” आणि जरा थांबून, “पैसे अर्धे आधी घेतलेस ना?”

यातले शहाणपण कोणते आणि थकवा कोणता, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मुलाने नकार द्यावा, असे माझ्यातल्या कुणाला तरी वाटले होते, हे खरे. पण त्या खातेऱ्यात घाम गाळलेला माणूस मी नव्हे. दुसऱ्याच्या दुःखावर आपला बाणेदारपणा उभा करणे सोपे असते.

आणि चिरंजीवांच्या धंद्याचे तरी काय? आता म्हणे चार ओळी लिहून दिल्या की यंत्र स्वतःच इमारतीचे चित्र काढते. त्या यंत्रांसाठी जगभर जी अवाढव्य संगणकगृहे उभी राहत आहेत त्यांनी स्मृतीच्या चिपा इतक्या ओढून घेतल्या की, २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले. आम्ही मे महिन्यात उरकले म्हणून बचावलो. एका कामगाराने दोन साचे चालवायचे की तीन, या वादाचे निखारे १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात होते. यंत्र सुधारते तेव्हा त्याची किंमत दुकानातल्या चिटोऱ्यावर लिहिलेली असते तेवढीच नसते. उरलेली कुणीतरी नंतर भरतो. आबांनी ती भरली. पुढची पाळी कुणाची, हे मला ठाऊक नाही.

“जुन्या भागांचं काय करायचं?” आबांनी तेव्हाच विचारले होते. गिरणीतले साचे शेवटी वजनावर गेले, किलोच्या भावाने, हे त्यांनी फाटकाबाहेरून पाहिले होते. त्यांनी जुना प्रोसेसर आणि जुनी रॅम भंगारात जाऊ दिली नाही. एक वापरलेला बोर्ड आणून आजोबा-नातवांनी त्यांतून दुसरा संगणक उभा केला. तो माझ्या वाट्याला आला. मी हा लेख त्यावरच टंकित केला आहे. मराठीला एवढी शक्ती पुरते.

चित्रणाचे काम गुरुवारी रात्री यंत्रावर चढले. खोली तापली, पंखे घोंघावू लागले. “तिसरी पाळी लागली म्हणायची,” असे म्हणून आबा झोपायला गेले. सकाळी आम्ही सगळे ते दीड मिनिट पाहायला बसलो. अडतिसाव्या मजल्यावरची खिडकी, तिच्यातून खाली गिरणीचे जतन केलेले धुराडे, त्यावर उन्हाची तिरीप. चिरंजीवांनी ते मन लावून केले होते, हे सांगायला नको.

आबांनी दोनदा पाहिले. मग धुराड्यावर बोट ठेवून म्हणाले, “चढायच्या लोखंडी पायऱ्या या बाजूला नव्हत्या. उत्तरेला होत्या.”

गिऱ्हाइकाला ते कधीही कळले नसते. चिरंजीवांनी एकदा घड्याळाकडे पाहिले, एकदा आजोबांकडे. पायऱ्या उत्तरेला नेल्या आणि यंत्र पुन्हा साडेबारा तासांसाठी लावले. विजेचे बिल माझ्या नावावर येते. ते मी भरले.